सरकारची लाडकी? कसली लाडकी!

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला रशियन बॅले नर्तकी माया प्लिसेत्स्कायावरचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख आहेत. पण तिला ‘सोव्हिएत सरकारची लाडकी’ म्हटले आहे, ते काही पटले नाही.

याच सरकारने 1938 मध्ये तिच्या वडिलांना गोळी घातली. आई मूकपटांतली अभिनेत्री. तिला तान्ह्या मुलासकट कझाकस्तानच्या छावणीत धाडले. मायाला सांभाळले ते मावशीने, सुलामिथ मेसेरेरने. मावशी मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरची नर्तकी, आणि 1943 मध्ये भाचीही तिथेच रुजू झाली.

पुढे बडा परदेशी पाहुणा मॉस्कोत आला की त्याला ‘स्वान लेक’ हा बॅले दाखवायचा, हे ठरलेलेच. नाचायला माया. माओ, टिटो, आपले नेहरू, सगळ्यांनी तिचा नाच पाहिला. पण 1956 मध्ये बोल्शोईचा ताफा लंडनला निघाला, तेव्हा नेमके तिलाच मागे ठेवले. ज्यू घराणे, बापाचा तो इतिहास, त्यात बाईंची जीभही कुणाची भीड ठेवणारी नव्हती. ताफा लंडनला असताना तिने मॉस्कोत ‘स्वान लेक’ केले आणि प्रेक्षकांनी थिएटर डोक्यावर घेतले. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना पत्र लिहिल्यावर कुठे 1959 मध्ये तिला अमेरिकेला जाता आले. 1967 मध्ये ‘कार्मेन स्वीट’ हे बॅले केले (संगीत नवऱ्याचे, श्चेद्रिनचे), तर संस्कृतिमंत्री फुर्त्सेवाबाई भडकल्या. असले लाड शत्रूचेही होऊ नयेत!

जाता जाता आणखी एक. लेखात म्हटले आहे तसा ‘मरणारा हंस’ हा ‘स्वान लेक’मधला प्रवेश नव्हे. सें-सांसच्या संगीतावर नृत्यदिग्दर्शक फोकीनने नर्तकी अ‍ॅना पाव्हलोव्हासाठी बसवलेला तो जेमतेम चार मिनिटांचा स्वतंत्र नाच. प्लिसेत्स्काया साठी उलटल्यावरही तो करत असे. चित्रफिती सहज मिळतात, लेखकमहाशयांनी जरूर पाहाव्यात. ती प्रेक्षकांकडे पाठ करून येते. चेहरा दिसतच नाही. दिसतात फक्त दोन हात, आणि खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत सरकत जाणारी लाट. कोपर कुठे आहे ते शोधावे लागते.

– एक वाचक, डोंबिवली