लघवीची पिशवी आणि परिचारिकेची नजर

महोदय,
वडिलांचे डायलिसिस सुरू झाले, आठवड्यातून 3 वेळा, दर वेळी सुमारे 4 तास. तेव्हा परिचारिकेचे काम जवळून पाहिले. सुई टोचण्याआधी ती हातावरच्या फिस्टुलावर (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडलेली जागा) बोटे ठेवून थरथर लागते का, ते बघायची. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधू द्यायचा नाही, हे तिने आम्हालाही पढवले. वजन रोज एकाच वेळी, एकाच काट्यावर करायचे. रातोरात 1 किलो वाढले तर साधारण 1 लिटर पाणी अंगात साठले, असे समजायचे.

त्याआधी एका वॉर्डात मात्र स्ट्रेचरवरून नेताना लघवीची पिशवी थेट त्यांच्या पोटावर ठेवलेली होती. पिशवी मूत्राशयाच्या वर गेली की लघवी मागे फिरते, सोबत जंतूही. लघवीची नळी अजून हवीच का, हेही कुणी विचारत नव्हते. त्या परिचारिकेला मी दोष देणार नाही; एकटीने किती खाटा सांभाळायच्या? अशा विभागांत प्रशिक्षित परिचारिका पुरेशा नेमा, आणि घरी सोडताना नातेवाइकांना हे सारे हाताने करून दाखवण्याइतका वेळ त्यांना द्या.

– एका रुग्णाची मुलगी