प्रॅक्टिकल पिशवीत भरून पाठवायचं तर

नांदेड

प्रिय दत्ता,
स. न. वि. वि.

तू लिहिलंस की इलेक्ट्रिकलची पोरं गावीच राहणार, त्यांचं प्रॅक्टिकल मोबाईलवरून घ्यायचं, आणि वरून सल्ला असा की सिम्युलेशन (स्क्रीनवरचं नकली सर्किट) दाखवा नि मोकळे व्हा. दाखव की, पण आधी नको. सिम्युलेटरमध्ये वायर सैल होत नाही आणि कपॅसिटर जेवढा लिहिला तेवढाच भरतो. इलेक्ट्रिकलच्या पोराला तर ती सैल वायरच शोधता यायला हवी.

म्हणून एकेक पिशवी भर आणि एसटीच्या पार्सलने पाठव. छोटा ब्रेडबोर्ड (भोकांत तारा खोचून सर्किट जोडायची पाटी), डीटी-८३०डी डिजिटल मल्टिमीटर, तीन पेन्सिल सेलचा होल्डर (४.५ व्होल्ट), २२० ओहम, १ के (म्हणजे हजार ओहम), १० के, १०० के असे रेझिस्टर पाच-पाच, १०० आणि १००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, चार डायोड, चार एलईडी, दोन टू-वे स्विच. जोडायला भिंतीतून ओढायच्या लॅन केबलचे तुकडे सोलून दे. आत एकेरी तार असते, आठ रंग मिळतात, ब्रेडबोर्डात ताठ बसते. साध्या फ्लेक्सिबल वायरचे तंतू भोकात मोडून राहतात आणि मग कुठे काय चिकटलंय ते दिसत नाही.

सेलऐवजी पॉवरबँक चालेल का, असं कोणीतरी विचारेलच. काही पॉवरबँक भार फार कमी असला की आपोआप बंद पडतात. अर्धा मिलीअँपिअर घेणारं सर्किट त्यांच्या हिशेबी नसल्यातच जमा. पोरगं तासभर ब्रेडबोर्ड उचकत बसेल. सेलच बरे, लोडशेडिंगचीही चिंता नाही.

पहिला प्रयोग आरसी चार्जिंगचा, म्हणजे रेझिस्टरमधून कपॅसिटर भरण्याचा ठेव. १० के आणि १००० मायक्रोफॅरड म्हणजे टाइम कॉन्स्टंट (दोघांचा गुणाकार, ६३ टक्के भरायला लागणारा वेळ) १० सेकंद, मोबाईलच्या स्टॉपवॉचवर आरामात धरता येतो. ४.५ व्होल्टचे ६३ टक्के म्हणजे २.८४, काटा तिथं कधी पोचला ते लिहायचं. (डिजिटल मीटरला काटा कुठला म्हणा, पण जिभेला सवय.) या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची टॉलरन्स (छापील आकड्यापासूनचा फरक) बहुधा २० टक्के असते, म्हणून ८ ते १२ सेकंदांत काहीही येऊ शकतं. सगळ्या वह्यांत नेमके १० आले तर समज, एकानं केलं आणि बाकीच्यांनी उतरवलं.

मग १०० के आणि १०० मायक्रोफॅरड लावायला सांग. गुणाकार तोच, पण कपॅसिटरवर मीटर लावून ठेवला तर आकडा ४.१ च्या आसपास अडकतो. पोरं म्हणतील सेल उतरले. उत्तर लगेच देऊ नकोस, एक दिवस जाऊ दे. या मीटरचा स्वतःचा रोध १ मेगओहम. १०० केच्या पुढे तो लागला की व्होल्टेज वाटलं जातं, आणि टाइम कॉन्स्टंटही ९ सेकंदांवर येतो. मीटरही सर्किटचाच भाग असतो, हे फळ्यावर सांगून कळत नाही.

चुका तुला फोटोवरून पकडायच्यात, तेव्हा लाल फक्त प्लस आणि काळी फक्त मायनस यात सूट नको. दोन स्टीलच्या डब्यांवर फोन आडवा ठेवला की वरून सरळ फोटो येतो. मार्क उत्तराला कमी, दोष शोधण्याला जास्त दे. मुद्दाम चुकीची जोडणी काढून पाठव आणि मीटरनं नेमकं ठिकाण शोधायला लाव.

जिन्याचं वायरिंग (एक दिवा, वर-खाली दोन स्विच) प्लायच्या तुकड्यावर होतं. बल्बऐवजी एलईडी, सोबत २२० ओहम. हमखास चूक एकच: स्विचचा कॉमन (तीन टोकांपैकी सामाईक टोक) ओळखलेला नसतो, मग दुसरा स्विच एका बाजूला असेल तरच दिवा लागतो. आधी मीटरनं कंटिन्युइटी (जोड सलग आहे का) बघून कॉमनवर खूण करायला सांग.

वेव्हफॉर्म (व्होल्टेजची लाट) बघायला दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरचं एक्सपआइज, म्हणजे संगणकाला जोडायचं मोजमापाचं छोटं यंत्र, मिळालं तर दोन घे आणि पोरांत फिरव. साइन वेव्ह त्यातूनच निघते, रेक्टिफायरसाठी (एसीचं डीसी करणारं सर्किट) घरच्या सॉकेटकडे जावं लागत नाही.

आता २३० व्होल्ट. घरी अजिबात नाही. आपल्याकडच्या निम्म्या पोरांच्या विहिरीवर स्टार्टर आहे आणि ते उघडायची खाज प्रत्येकाला. ‘उघडायचं नाही’ हे पालकांनाही फोन करून सांग. त्याऐवजी पिठाच्या गिरणीच्या मोटरची नेमप्लेट लांबूनच, मोटर बंद असताना, वाचून आणायला लाव. ५ एचपी, ४१५ व्होल्ट, १४४० आरपीएम असेल तर पोल चार, सिंक्रोनस स्पीड (आतल्या फिरत्या चुंबकी क्षेत्राचा वेग) १५००, स्लिप (मोटर त्याच्या किती मागे पडते ते) ४ टक्के, करंट साधारण साडेसात अँपिअर. हिशेब घरी होतो. डीओएल, स्टार-डेल्टा (मोटर सुरू करायच्या दोन पद्धती) आणि ट्रान्सफॉर्मरच्या टेस्ट मात्र वर्कशॉपमध्येच. दहा-दहाची बॅच करून दोन दिवस बोलाव, तडजोड करू नकोस.

आणि प्रत्येक पिशवीत मीटरचे दोन जादा फ्यूज टाक, आतल्या फ्यूजवर असेल त्याच रेटिंगचे. करंट मोजायला मीटर सिरीजमध्ये लावायचा हे सगळ्यांना पाठ असतं, तरी पहिल्या आठवड्यात निम्मे जण तो थेट सेलवरच लावतात आणि फ्यूज उडवतात.

तुझा,
बाळू