‘ताराबाई’च्या प्रतिकृतीसाठी आवाहन

समस्त ग्रामस्थ, मुंबईकर मंडळी आणि वाचनालयाचे सभासद यांस सप्रेम नमस्कार, वि. वि.

वार्षिक सभेत ठरल्याप्रमाणे वाचनालयाच्या दर्शनी दालनात तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ या गस्तीनौकेची पाच फुटी लाकडी प्रतिकृती बसवायची आहे. सुतारकाम अर्ध्यावर आले आहे आणि पैसे संपले आहेत, म्हणून हे पत्र.

‘ताराबाईच का, विक्रांत का नाही?’ असे सभेत दोघातिघांनी विचारले होते. विक्रांतचे चित्र कॅलेंडरवरही मिळते. ताराबाई किती जणांनी पाहिली आहे? १९७७ च्या फेब्रुवारीत तटरक्षक दल सुरू झाले ते नौदलाने दिलेल्या दोन जुन्या फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) आणि पाच गस्ती बोटींवर. पुढे दलाने स्वतःसाठी नौका बांधून घ्यायला सुरुवात केली आणि लहान गस्तीनौकांना नावे दिली ती कर्तबगार स्त्रियांची. १९८४ मध्ये जपानहून ‘जिजाबाई’ आली. १९८७ मध्ये सिंगापूरला बांधलेल्या ‘ताराबाई’ आणि ‘अहल्याबाई’ आल्या, आणि त्याच वर्गातल्या लक्ष्मीबाई, अक्कादेवी, नायकीदेवी, गंगादेवी कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत तयार झाल्या. औरंगजेबाशी सात वर्षे झुंजलेल्या आणि कान्होजी आंग्र्यांना आपल्या बाजूला राखणाऱ्या महाराणी ताराबाईंचे नाव समुद्रावर फिरत होते, हे आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांना ठाऊक नसावे याचे वाईट वाटते.

आता तिचा पराक्रम. ऑक्टोबर १९९९ मध्ये इंडोनेशियातून जपानकडे निघालेले ‘अलोंड्रा रेनबो’ हे मालवाहू जहाज चाच्यांनी पळवले. पोटात सुमारे सात हजार टन ॲल्युमिनियम. सतरा खलाशांना त्यांनी रबरी तराफ्यावर भर समुद्रात सोडून दिले. थायलंडच्या मच्छीमारांनी त्यांना वाचवले, म्हणजे तिथेही उपयोगी पडला तो कोळीच! चाच्यांनी जहाजाला नवा रंग फासला, ‘मेगा रामा’ नाव दिले आणि बेलीझचा झेंडा लावला. नोव्हेंबरमध्ये ते अरबी समुद्रात दिसले तेव्हा पाठलागावर पहिली गेली ती आपली ताराबाई. तिने रेडिओवर थांबायला सांगितले, इशाऱ्याचे गोळे टाकले, तरी ते थांबेना. उलट वेग वाढवला. ताराबाईने पाठ सोडली नाही. पुढे नौदलाची ‘प्रहार’ आली, तिने १६ नोव्हेंबरला जहाज ताब्यात घेतले आणि ते मुंबईला आणले गेले. चाच्यांना मुंबईच्या सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, पण २००५ मध्ये ते उच्च न्यायालयातून सुटले. चाचेगिरीविरुद्ध वेगळा कायदा व्हायला २०२२ साल उजाडले. यावरही एक फलक करणार आहोत.

आणि हे सगळे केले जेमतेम ४५ मीटर लांबीच्या, दोनशे टनांच्या आसपासच्या नौकेने. दोन एमटीयू डिझेल इंजिने, पंचवीस नॉटांच्या पुढे वेग, पुढच्या डेकवर ४० मिलिमीटरची एकच बोफोर्स तोफ. बूड उथळ, पाण्याखाली दोन मीटरच्या आतबाहेर, म्हणजे किनाऱ्याजवळ कमी पाण्यातही जाता यावे. हेलिकॉप्टर उतरायला जागा नाही. वरच्या आळीतले आपले निवृत्त यांत्रिक (नाव छापू नका म्हणाले) रोज संध्याकाळी सुताराच्या पडवीत बसून मापे तपासतात. मागच्या आठवड्यात ब्रिजच्या (नौका चालवायच्या खोलीच्या) खिडक्या एका सुताने, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाने, खाली आल्या म्हणून त्यांनी अख्खा पुढचा भाग उकलायला लावला. सुतार चिडले, पण उकलला.

आपल्या वाचनालयाला दाते कधी कमी पडले नाहीत, हे कृतज्ञतेने नमूद करतो. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात छप्पर उडाले आणि निम्मी पुस्तके भिजली. टाळेबंदीत पगार कापले जात असतानाही मुंबईकरांनी पत्र्यांचे पैसे पाठवले. मास्तरांनी स्वतःच्या घरातले लोखंडी कपाट दिले, ज्यात आज संदर्भग्रंथ आहेत. खालच्या आळीतल्या आजींनी सुक्या मासळीच्या विक्रीतले ५०० रुपये टेबलावर ठेवले आणि पावती नको म्हणाल्या. पावती आम्ही घरी नेऊन दिली. मच्छीमार सोसायटीच्या तांडेल (होडीचे म्होरके) मंडळींनी भिजलेली पुस्तके जाळ्यांसारखी खळ्यात वाळत घातली होती, ते दृश्य विसरणे शक्य नाही.

त्यामुळेच या वेळचा अनुभव लागला. मे महिन्यात गटावर निरोप टाकला तेव्हा अंगठे आणि फुले भरपूर आली. पेटीत मात्र अकरा जणांचेच पैसे पडले. ‘खेळण्यातल्या बोटीला एवढा खर्च?’ असेही कानावर आले. क्रिकेटच्या मंडपाला एका रात्रीत वर्गणी जमते. आमचे त्याबद्दल काही म्हणणे नाही.

खर्च असा: प्रतिकृती ६५ हजार, काचपेटी २२ हजार, फलक व छपाई १३ हजार, एकूण १ लाख रुपये. जमले ३१ हजार. सागाच्या फळ्या उधारीवर आणल्या असून वखारवाल्यांचा दोनदा फोन येऊन गेला. रक्कम दिवाळीपर्यंत हवी, कारण अनावरण १ फेब्रुवारीला तटरक्षक दिनी ठरले आहे. पैसे खजिनदारांकडे संध्याकाळी ६ ते ८, किंवा दारावरच्या क्यूआर कोडवर. नाव व आळी लिहावी, पावती मिळेल. ५००० च्या वर देणाऱ्यांचे नाव फलकावर येईल, नको असल्यास तसे कळवावे. मुंबईकरांनी गणपतीत येताना आणले तरी चालेल.

ज्यांच्या घरातले कुणी तटरक्षक दलात नाविक वा यांत्रिक होते त्यांनी जुने फोटो स्कॅनसाठी द्यावेत, दोन दिवसांत परत मिळतील. ताराबाईच्या मागच्या डेकचा स्पष्ट फोटो अजून मिळालेला नाही आणि त्यामुळे सुतारांचे काम तिथे अडले आहे.

आपला नम्र,
चिटणीस
(कार्यकारी मंडळाच्या वतीने)