आईच्या आजाराचं नाव सापडलं

मित्रा,

तू फोनवर म्हणलास आठ महिने कुठं गायब झालास, तवा आई बाजूलाच होती म्हणून बोललो नाही.

दिवाळीच्या सुमारास आई कापूस वेचायला गेली अन् खाली बसली तर उठताच येईना, पऱ्हाटी धरून उठायला गेली तर ती मुळासकट हातात आली. हातपाय काटक्या, पोट अन् तोंड गरगरीत, गाल लालबुंद, बाया म्हणायच्या सुनेच्या हातचं मानवलंय. संक्रांतीला कासारणीनं बांगड्या भरल्या तर मनगट काळंनिळं पडलं. दोन वर्षं बीपी-शुगरच्या गोळ्या वाढतच गेल्या, पण हे सगळं एकाच दुखण्याचं असंल हे कुणी बघितलंच नाही रे, मीबी नाही.

परभणीहून संभाजीनगरला हार्मोनच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी पोटावरचे जांभळे पट्टे बघितले अन् पहिलं विचारलं, गुडघ्यासाठी कुठल्या पुड्या खाता का? तसल्या पुड्यांत कधीकधी स्टिरॉइड असतं, त्यानंबी हेच होतं. आई नाही म्हणली. मग रात्री 11 ला डेक्सामेथासोन नावाच्या स्टिरॉइडची 1 मिलिग्रॅमची गोळी, सकाळी 8 ला रक्त. चांगल्या माणसाचं कॉर्टिसॉल, म्हणजे अंगातच तयार होणारं स्टिरॉइड, त्यानं 1.8 च्या खाली जातं, आईचं 14! पुढं कळलं, मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ, तिच्यामुळं कॉर्टिसॉल वाढलेलं, ह्याला कुशिंग डिसीज म्हणतात, दहा लाखांत वर्षाला एखाद-दुसऱ्याला होणारा.

एमआरआयमध्ये गाठ 4 मिलिमीटरचीच. एवढ्या बारक्या गाठी धडधाकट माणसातबी दिसतात, म्हणून हैदराबादला जांघेतून नळ्या घालून पिट्युटरीजवळच्या शिरांतलं रक्त तपासून दोष तिथलाच असल्याची खात्री केली, मगच नाकातून दुर्बिणीनं ऑपरेशन. तिसऱ्या दिवशी कॉर्टिसॉल 1 वर आलं, डॉक्टर खुश, अन् आई निव्वळ गळून गेलेली, कूस बदलवंना. मी लई घाबरलो. तर म्हणे हीच चांगली खूण, गाठीमुळं चांगल्या पेशी निजल्या होत्या, त्या जाग्या व्हायला कधी वर्षबी लागतं, तोवर कॉर्टिसॉलच्या बदलीची गोळी, हायड्रोकॉर्टिसोन, चुकवायची नाही, ताप आला की डबल, उलट्या झाल्या तर इंजेक्शन. तशी चिठ्ठी आईच्या बटव्यात कायम असते.

तू फोनवर तुझ्या अक्काचं सांगितलंस, ते ऐकून राहवलं नाही. जाड माणसं लई असतात, सगळ्यांना हे नसतं, पण पस्तिशीत बीपी अन् खाली बसलं की उठता येईना हे नुसतं जाडपण वाटत नाही मला. पुड्यांचं आधी विचार, अन् खात असंल तर एकदम बंद करू देऊ नको, तेबी जिवावर बेततं. सोमवारी सकाळच्या गाडीनं जुन्या फायली घेऊन निघा, मी स्टेशनवर येतो.

तुझाच