विहिरीवरच्या काकांस

प्रिय काका,

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, म्हणून हे पत्र आई तुम्हाला पडवीत बसवून वाचून दाखवेल. इतरांनीही वाचावं; मे महिन्यात कोकणात विहिरीवरचा पंप रुसणारं आमचं एकच घर नाही.

आईचा फोन आला तेव्हा मी मुंबईत बसून दुकानदाराला एक एचपीचा नवा पंप बाजूला ठेवायला सांगून मोकळा झालो होतो. त्याने फोनवरच निदान केलं होतं, "मोटर जळली." आणि आई 72व्या वर्षी दोन दिवस रहाटावर पाणी काढत होती.

तुम्ही येऊन आधी आवाजाचं विचारलंत. नुसता घुं घुं करतो की फिरतो? नुसता घुं घुं करत असता तर मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर बघायचा. आमचा फिरत होता, पाणी तेवढं येत नव्हतं. "वयनी, पंप बरो आसा," म्हणालात. मग दोरीला दगड बांधून माप घेतलंत: पंपापासून पाणी 19 फुटांवर. पंचवीसच्या आसपास गेलं की काठावरचा पंप ओढताना दमतो, वर टाकीत ढकलायला त्याची ना नसते, हे आईला तेव्हा कळलं आणि मला तिच्याकडून.

त्यानंतर कळशीने पाईप तोंडापर्यंत भरलात आणि पान जुळवत बसलात. आईला वाटलं, काका दमले. पान तोंडात जाईपर्यंत पाणी चार बोटं उतरलं होतं. लगेच बटण दाबलं असतं तर त्या दिवसापुरतं पाणी आलंही असतं, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा पाईपात हवा.

शेजारच्या पोराला हाताशी घेऊन पाईप वर काढलात. पाईपाच्या तळाशी पाणी परत विहिरीत उतरू न देणारी झडप असते, फूटव्हॉल्व्ह; त्याची जाळी फाटलेली, आत काजूच्या पानाचा देठ. काडीएवढा! त्याने झडप मिटत नव्हती. तो काढलात, नवी जाळी बांधलीत, पाईपाच्या सांध्याला, म्हणजे युनियनला, गळू नये म्हणून ताग-सफेदा लावून आवळलंत.

पैसे घेतले नाहीत, कोकम सरबत घेतलंत. मी इंजिनिअर आहे हा विषय आईसमोर काढला नाहीत, त्याचे वेगळे आभार.

नवा पंप नको म्हणून कळवलंय. देठ आईने खिडकीत ठेवलाय. गणपतीला येतो, तेव्हा कळशी मी ओततो, तुम्ही पान जुळवा.

तुमचा,
वहिनींचा धाकटा