दोन मार्ग, एकच चर : दूरसंचारमंत्र्यांना खुले पत्र

मा. दूरसंचारमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

रुग्णालये, बँका, आपत्कालीन क्रमांक यांच्या जोडण्यांच्या करारात एक अट हमखास असते : दोन स्वतंत्र मार्ग हवेत. कंपनी आराखडा देते, त्यावर दोन रेघा दिसतात, सही होते. माझी तक्रार त्या दोन रेघांबद्दल आहे.

तो आराखडा राउटरच्या, म्हणजे माहितीला वाट दाखवणाऱ्या यंत्रांच्या, थराचा असतो. त्याखाली माहिती प्रकाशातून नेणारा ऑप्टिकल थर, मग फायबरची केबल, ती ज्या नळीत असते तो डक्ट आणि शेवटी जमिनीतला चर. वर वेगळ्या दिसणाऱ्या दोन जोडण्या खाली एकाच फायबरमधल्या दोन तरंगलांबी, म्हणजे प्रकाशाचे दोन रंग, असू शकतात. दोन कंपन्यांकडून घेतल्या तरी खात्री नाही. कंपन्या एकमेकींचे फायबर भाड्याने घेतात. 18 जुलै 2001 रोजी बाल्टिमोरच्या हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात मालगाडी घसरून आग लागली आणि तिथून जाणाऱ्या एकाहून अधिक कंपन्यांच्या केबल एकदम निकामी झाल्या.

यावर उपाय जुना आहे. एकाच अपघातात सोबत जाणाऱ्या जोडण्यांचा गट करून त्याला क्रमांक द्यायचा. पर्यायी मार्ग शोधणारे सॉफ्टवेअर मुख्य मार्गाच्या गटातल्या जोडण्या टाळते. पण चराची माहिती बहुतेकदा माणसालाच भरावी लागते. पुढे रस्तारुंदीत केबल हलते, किंवा क्षमता मोकळी करायला कुणीतरी एखादी जोडणी दुसऱ्या फायबरवर नेते, आणि नोंद जुनीच राहते. कुठलाही अलार्म वाजत नाही. सही झाली त्या दिवशी खरे असलेले वेगळेपण असे गुपचूप संपते.

दुसरी अडचण वेळेची. फायबर तुटली की ऑप्टिकल थर 50 मिलिसेकंदांत राखीव मार्गावर जाऊ शकतो. राउटर शेजारच्या राउटरला ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असे हॅलो संदेश पाठवतो; नुसत्या त्यांवर सोडले, तर ओएसपीएफ या मार्ग ठरवणाऱ्या नियमसंचाच्या नेहमीच्या सेटिंगने शेजारी गेल्याचे कळायला 40 सेकंद लागतात. म्हणून आम्ही राउटरची बिघाड-तपासणी वेगवान करतो, आणि मग खालचा थर सावरत असतानाच वरचाही मार्ग बदलतो. वाहतूक दोनदा उलटसुलट होते. वरच्या थराला क्षणभर थांबवणे हा तोडगा. मात्र बिघाड राउटरमध्येच असेल, तर खालच्या थराला सगळे ठीकच दिसते आणि ते थांबणे फुकट जाते. कुणी आधी हलायचे हे ठरवूनच ठेवावे लागते. करारात याबद्दल सहसा चकार शब्द नसतो.

केबल शाबूत असूनही सेवा जाते, ते वेगळेच. 8 जुलै 2022 रोजी कॅनडात रॉजर्स या दूरसंचार कंपनीचे मोबाइल आणि घरचे इंटरनेट दोन्ही एकाच वेळी बंद पडले. कारण दोहोंचा गाभा, म्हणजे मधले मुख्य जाळे, सामाईक होता आणि चूक तिथल्या राउटरच्या सेटिंगमध्ये झाली होती.

चरांचे नकाशे सार्वजनिक करा असे मी म्हणत नाही. घातपाताची भीती रास्त आहे. ते नियामकाकडे द्यावेत, आणि मार्गात बदल झाला की ठरलेल्या मुदतीत नवी नोंद सक्तीची असावी. राखीव मार्गाची क्षमता किती जणांत वाटलेली आहे, हेही ग्राहकाला लेखी कळावे. कारण वाटून घेतलेला राखीव मार्ग स्वस्त पडतो, पण दोन बिघाड एकदम आले की एकालाच पुरतो.

आणि चाचणी कागदावर नको. आधी सूचना देऊन, कमी वर्दळीच्या वेळी, मुख्य मार्ग खरोखर बंद करा. सेवा किती वेळात परतली ते मोजा आणि तो आकडा जाहीर करा. कंपन्या याला विरोध करतील. कोणत्या मार्गावर करतात ते जरूर टिपून ठेवा.

आपला,
एक नेटवर्क अभियंता