पाण्याला हात लावू द्या: नागपूरच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री, नागपूर जिल्हा यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सव्वीस वर्षांपासून शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. राहते रामनगरला. एका अंगाला फुटाळा, दुसऱ्या अंगाला अंबाझरी. माझी अर्धी सकाळ एका तलावावर जाते आणि रविवारची संध्याकाळ दुसऱ्यावर. म्हणून हे पत्र.

मागच्या हिवाळ्यात सातवीच्या बत्तीस मुलांना घेऊन मी तलावावर गेले होते. कळमना, पारडीकडची मुले. त्यातल्या निम्म्यांनी एवढे पाणी एका जागी पहिल्यांदाच पाहिले. सगळी काठाच्या भिंतीला चिकटून ओळीने उभी राहिली. एक मुलगी माझा ओढणीचा काठ धरून म्हणाली, “मॅडम, पाण्याले हात लावू का?” मी खाली पाहिले. भिंतीपलीकडे दगडांचा उतार, त्यावर शेवाळ, निर्माल्याने भरलेल्या दोन पिशव्या आणि शीतपेयाची अर्धी बुडालेली बाटली. मी नाही म्हणाले. तरी तिने भिंतीवर पोट टेकवले आणि हात लांबवला. पाणी तिच्या बोटांपासून चार हात खाली होते.

साहेब, मला तुमच्याकडे त्या चार हातांबद्दल बोलायचे आहे.

नागपूर हे तलावांचे गाव. फुटाळा, सक्करदरा, सोनेगाव, गांधीसागर, पलीकडे गोरेवाडा. भोसल्यांच्या काळात तलाव खोदले गेले ते बागांसाठी, शेतीसाठी, पिण्याच्या पाण्यासाठी. अंबाझरीचे पाणी इंग्रजी अमदानीत नळाने शहरात आले, पुढे गोरेवाड्याची भर पडली. तेव्हा तलावाशी रोजचा व्यवहार होता. कपडे धुणे, गुरे पाजणे, पोहायला शिकणे, सगळे तिथेच. मग कन्हान आणि पेंचचे पाणी आले, घरात नळ आला, आणि तलाव पाठीमागे पडला. जे उरले ते फक्त बघायचे. आपण सगळी योजना त्या बघण्यासाठीच करत आलो आहोत. रोषणाई, कारंजी, सेल्फी पॉइंट, बसायला पायऱ्यांची गॅलरी. संध्याकाळी गर्दी होते, मला ते नाकारायचे नाही. फुटाळ्याच्या चौपाटीवर निखाऱ्यावर भाजलेला भुट्टा, त्यावर लिंबू-मीठ-तिखट चोळणारा हात, बाजूला पोरांची दंगल, हे मलाही आवडते. पण तासाभराने माणूस परत जातो आणि पाण्याशी त्याची ओळख होतच नाही.

फुटाळ्यातल्या संगीत कारंज्याचे प्रकरण, पाणथळ जागेत असे बांधकाम चालते का म्हणून, दिल्लीपर्यंत गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा तलाव माणसाने बांधलेला आहे, म्हणून नियमांच्या व्याख्येतली पाणथळ जागा ठरत नाही. त्याच निकालात दुसरी गोष्टही आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. माणसाने बांधलेला तलावही सार्वजनिक विश्वस्ताच्या तत्त्वाखाली येतो. म्हणजे सरकार त्याचे मालक नाही, राखणदार आहे. लोकांच्या वतीने सांभाळायची वस्तू लोकांच्या हाताला लागू नये, हे मला पटत नाही.

दत्तू भोकनळ तुम्हाला आठवत असेल. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्याचा, दुष्काळी गावचा मुलगा. सैन्यात भरती झाला तेव्हा बोट वल्हवणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हते. तिथे शिकला आणि २०१६ मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकट्याने वल्हवण्याच्या शर्यतीत उतरला. २०१८ मध्ये जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्णपदक आणले. विहिरीला पाणी नसलेल्या गावचा मुलगा वल्हे मारायला सैन्यात शिकतो, आणि शहराच्या पोटात एवढे तलाव असताना माझ्या मुलांना बोटीचे वल्हे कसे धरतात तेही माहीत नाही. भोपाळ आपल्यापासून एका रात्रीच्या गाडीवर. तिथे तलावावर जलक्रीडा अकादमी आहे, मुले पहाटे कयाक, म्हणजे अरुंद हलक्या बोटी, घेऊन पाण्यावर असतात. मला ऑलिंपिक नको. मला एवढेच हवे की नागपूरच्या मुलाला पाण्याची भीती वाटू नये आणि पाण्याचा अंदाज यावा.

भीतीचे कारण खरे आहे, मी ते झाकत नाही. २०१७ च्या जुलैत वेणा जलाशयात बोट उलटून तरुण पोरे बुडाली, ती बातमी वाचताना माझ्या वर्गातली तोंडे डोळ्यांसमोर आली होती. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तर रामनगरातली, शंकरनगरातली, अंबाझरी लेआऊटमधली कोणतीच माणसे विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी सांडव्यावरून धावली आणि लोकांच्या शयनघरात छातीभर पाणी शिरले. त्यानंतर पाणी म्हटले की बंदी, हे समजू शकते. पण बंदीने मुले थांबत नाहीत. ती लपून उतरतात, आणि लपून उतरलेल्या मुलाजवळ ना जॅकेट असते ना दोर ना मोठा माणूस. मी शिकवते म्हणून सांगते, पोहता येणारे मूल पाण्यापुढे जास्त जपून वागते.

म्हणून माझी मागणी लहान आहे. एका तलावावर, एकाच, एक छोटे बोटघर द्या. पाण्यात उतरणाऱ्या आठ-दहा दगडी पायऱ्या, आपल्या जुन्या घाटांसारख्या, शेवटच्या पायरीपर्यंत कठडा. दहा-बारा वल्ह्याच्या बोटी, मोटार नको, पक्ष्यांना आणि कानांना वल्हीच बरी. प्रत्येकाच्या मापाची जीवरक्षक जाकिटे, लहान मुलांच्या मापाचीसुद्धा, कारण मी पाहिले आहे की मोठ्यांचे जाकीट मुलाच्या डोक्यावरून निघून येते. दोन प्रशिक्षित जीवरक्षक, पगारी. सकाळी शाळांसाठी, संध्याकाळी सगळ्यांसाठी. वरच्या वस्त्यांचे सांडपाणी तलावात येत असेल तोवर पोहणे नकोच. दर महिन्याला पाण्याचा नमुना तपासा आणि निकाल काठावरच्या फलकावर लावा, जसा दवाखान्यात दर लावतात तसा. जलपर्णी काढायला दरवर्षी यंत्र येते, पैसा जातो. ती वाढते कशाने, ते लोकांना त्या फलकावरून कळेल.

आणि शौचालय. हे मी आधी लिहायला हवे होते. गेल्या सहलीत एका मुलीची पाळी तिथेच आली. काठावरच्या शौचालयाला कुलूप होते, किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नव्हते. तिला दुपट्टा गुंडाळून मी ऑटोने शाळेत परत नेले. ती पुढच्या सहलीला आली नाही. बायकांना पाणी पिता येत नाही, कारण नंतर जायचे कुठे. दोन किलोमीटर फिरायला आलेल्या आजी अर्ध्यातून परततात त्याचे कारण गुडघे नसतात.

सावलीचेही तसेच. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, ग्रॅनाइटचा बाक रात्री आठला बसवत नाही. तिथे सुशोभीकरणाची ताडाची झाडे लावली जातात, ज्यांची सावली स्वतःच्या बुंध्यालाही पुरत नाही. करंज लावा, कडुनिंब लावा, काठावर जांभूळ लावा. पाच वर्षे लागतील. चालेल.

फुटाळा ते अंबाझरी सायकलने वीस मिनिटांचे अंतर आहे. तेलंखेडीच्या हनुमान मंदिरापासून निघून, फुटाळ्याच्या काठाने, सेमिनरी हिल्सच्या झाडीजवळून जपानी गार्डनपर्यंत जाता येते. दुसऱ्या बाजूला अंबाझरीच्या बंधाऱ्यापलीकडे वनखात्याचे जैवविविधता उद्यान आहे, हिवाळ्यात तिथे पक्षी बघायला माणसे दुर्बिणी घेऊन येतात. हे सगळे आहेच. मधले तुकडे तेवढे तुटके आहेत. फुटपाथ अचानक संपतो, पुढे उघडी नाली, मग दुचाकींचे पार्किंग. मुलांची ओळ घेऊन चालले की कळते. नवे काही बांधण्याआधी हे जोडून द्या.

गेल्या वर्षी मी मुलांना बोटीत बसवण्याची परवानगी मागितली. अर्ज एका कार्यालयात दिला. तिथे सांगितले, काठ आमच्याकडे, पाणी नाही. दुसऱ्याने सांगितले, पाणी आमच्याकडे, पण बोटीचा विषय आमचा नाही. तिसऱ्या ठिकाणी मला विचारले, अपघात झाला तर जबाबदार कोण. मी म्हणाले, मी. ते म्हणाले, तसे चालत नाही. कोणी उद्धटपणे बोलले नाही, चहाही मिळाला, पण अर्ज फिरत राहिला. तुम्ही जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आहात. या सगळ्या खात्यांना एका टेबलावर बसवणे तुमच्याच हाती आहे.

अर्ज पुन्हा लिहिला आहे, या पत्रासोबत पाठवते आहे. बत्तीस मुले, दोन शिक्षिका, पालकांच्या सह्या घेतलेल्या आहेत. जागा अंबाझरी किंवा फुटाळा, तुम्ही म्हणाल ती. तारखेची जागा रिकामी ठेवली आहे.

आपली नम्र,
रामनगरातील एक शिक्षिका
नागपूर